सेल्माच्या नावाची शिष्यवृत्ती

पोर्ट एल्डन
९ फेब्रुवारी २०१२

रेनो,

प्रोफेसर व्हीलॉक काल दुकानात आले होते. केस कापायला नव्हे, त्यांच्या डोक्यावर कात्री चालवण्यासारखं आता उरलंय काय. खुर्चीत बाई बसली होती, तोवर टोपी हातात धरून दाराशीच उभे राहिले. ती गेल्यावर म्हणाले, "कार्लीन, मंडळातल्या मुलांच्या मनात सेल्माच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करायची आहे."

मंडळ म्हणजे तेच, इतिहासात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना मान म्हणून घेतात ते. सेल्माला घेतलं तेव्हा तू तिला फोनवर विचारलं होतंस, "तिथं करता काय तुम्ही? एकमेकांना राजांची नावं विचारता?" आणि ती इतकी हसली की फोन हातातून पडला होता.

मुलांनी हिवाळाभर चर्चच्या तळघरात मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या भाजून विकल्या. मीही घेतल्या. वरची पारी चामड्यासारखी होती, पण खाल्ल्या. आता मंडळातल्या एकाला दरवर्षी वसंतातल्या समारंभात ही शिष्यवृत्ती मिळेल, पुढे इतिहास शिकायला जाण्यासाठी. निवड प्रोफेसर आणि कॉलेजातले आणखी दोघं करतील. मात्र मुलांनी स्वतःहून एक अट घातलीय. ज्याला द्यायची त्याचं नाव आपल्या दोघांना मान्य असलं पाहिजे. "तिचं नाव आहे, तर तिच्या घरी विचारल्याशिवाय द्यायची नाही," असं म्हणाली म्हणे पोरं. मला हे ऐकून बरं वाटलं. खूप दिवसांनी काहीतरी बरं वाटलं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहितेय. हिवाळ्यात सरोवर गोठून तुमच्या मालाच्या बोटी बंद असतात तेव्हा इंजिनांची दुरुस्ती चालते, हे मला आपलं लग्न झाल्यापासून माहीत आहे. ती दरवर्षी चालते, आणि तू दरवर्षी घरी येत होतास. यंदा टोलेडोतल्या भाड्याच्या खोलीत एवढं काय आहे ते तुझं तुला माहीत. मी विचारणार नाही.

साउनाचं छत गळतंय, आत वाफ कोंडत नाही. पायऱ्यांवरचा बर्फ रोज काढलेला असतो, तेव्हा मी घसरून पडेन याची काळजी करू नकोस. करत असशील तर.

तुझा होकार कळव. मला नको कळवूस, प्रोफेसरांना कळव.

कार्लीन


२२ एप्रिल २०१२

रेनो,

प्रोफेसर म्हणाले की तुझा होकार आला. आभार. हे पत्र बोटीच्या पत्त्यावर टाकतेय. डेट्रॉइटजवळ टपालाची होडी तुमच्या बोटीला गाठेल तेव्हा मिळेल.

समारंभ काल झाला. कॉलेजच्या वाचनालयातच. नव्या मुलांनी एकेक करून मेणबत्ती पेटवली, वहीत सही केली, मग जुन्यांनी त्यांच्या गळ्यात मंडळाची मानाची रंगीत दोरी घातली. सेल्माच्या वेळी मला हे सगळं थोडं नाटकी वाटलं होतं. काल नाही वाटलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. एक बाई तिथं पर्स ठेवायला आली तर प्रोफेसर जवळजवळ धावले.

पहिली शिष्यवृत्ती लायल ट्रेंबाथला मिळाली. सेल्मा गेली त्या दिवशी तो गाडीत मागच्या सीटवर होता. पाय अजून ओढतो. भाषण पाठ करून आला होता, पण पहिल्या वाक्यालाच अडला. शेवटी म्हणाला, "सेल्मा असती तर मला ही मिळालीच नसती, कारण तिलाच मिळाली असती." लोक हसले. मग कुणाला हसू आवरेना आणि कुणाला रडू. नंतर कॉफी आणि केक होता. केकवर तिचं आडनाव चुकलं होतं, 'Saarela' मधला एक 'a' गाळला होता. मी कुणाला सांगितलं नाही. तोच तुकडा मागून घेतला आणि खाल्ला.

आता एक गोष्ट सांगते. ऐकून तू चिडशील, हे धरूनच लिहितेय.

पायऱ्यांवरचा बर्फ टेस काढत होती.

टेस पास्कोच. नोव्हेंबरात पहिल्यांदा आली. पहाटे फावड्याचा आवाज आला, मला वाटलं शेजारचा कोणी असेल. पडदा सारला तर ही. मी दार उघडलं नाही. ती रोज येत राहिली, मी रोज पडद्याआडून बघत राहिले. जानेवारीत एकदा पारा इतका खाली गेला की मला ते बघवेना. दार उघडून ओरडले, "टोपी तरी घालून ये!" ती म्हणाली, "हो, मिसेस सारेला." दुसऱ्या दिवशी टोपी घालून आली. मग पुढं कधीतरी मी तिला आत घेतलं. कॉफी दिली. कप धुऊन उपडा घालून गेली.

बस, इतकंच.

कार्लीन


१० जून २०१२

रेनो,

तुझं कार्ड मिळालं. वर्षभरात तुझ्या हातचा पहिला मजकूर, आणि तो हा: "त्या पोरीला माझ्या घरात घ्यायचं नाही. गाडी ती चालवत होती."

माझ्या घरात म्हणतोस. मग ये की घरात. ये आणि स्वतः हाकल तिला.

गाडी ती चालवत होती, मला माहीत आहे. मला तेवढं एकच कितीतरी महिने माहीत होतं. झोपताना तेच, उठताना तेच. बाजारात तिची आई समोर आली तर मी पीठ, साखर तशीच ठेवून निघून यायचे. शेरिफच्या माणसांनी सांगितलं की रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता, कुणीही असतं तरी गाडी घसरलीच असती. मला ते ऐकायचंच नव्हतं. मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, रेनो. तुलाही हवं आहे. मी तुला नावं ठेवत नाही.

पण ती माझ्या स्वयंपाकघरात बसते तेव्हा तुला काय दिसेल ते सांगू? कॉलेज सोडलंय तिनं. मासे धुरावर सुकवण्याच्या शेडमध्ये काम करते. हातांना तो वास कायमचा चिकटलाय, म्हणून कप दोन बोटांनी धरते. वीसएक वर्षांची पोर आणि म्हाताऱ्या बाईसारखी खुर्चीच्या कडेवर बसते, कुणी कधीही ऊठ म्हणेल अशी.

एकदा मी विचारलं, "कॉलेजात परत का जात नाहीस?"

म्हणाली, "तिथं सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात. सहन होत नाही."

मी म्हटलं, "मग मी वाईट वागू का?"

ती पहिल्यांदा हसली. आणि हसताना एकदम तोंडावर हात ठेवला, चोरी पकडल्यासारखा.

ती येणं थांबणार नाही. तुझा राग तुझ्याजवळ ठेव.

कार्लीन


१८ नोव्हेंबर २०१२

रेनो,

दोन दिवस सरोवर असं गरजतंय की दुकानातल्या काचा थरथरतात. रेडिओवर सांगितलं की बोटी बेटाच्या आडोशाला नांगर टाकून थांबल्यात. त्यात तुमची आहे असं बंदरावरून कळलं, तेव्हा जेवले. सवय आहे, दुसरं काही समजू नकोस.

टेस सप्टेंबरपासून कॉलेजात परत गेली. मीच नेलं तिला. म्हणजे मागे लागले, भांडले, एकदा तर तिचा कोट धरून ओढत गाडीत बसवलं. गाडीत बसायचं म्हणजे तिचे ओठ पांढरे पडतात. आता मी चालवते, ती शेजारी बसून डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरते. कॉलेज येईपर्यंत आम्ही मोठमोठ्यांदा फालतू बोलतो. कुणाच्या नवऱ्यानं केसांना कलप लावला, कुणाची सून पळाली. दुकानातलं सगळं तिला पाठ झालंय.

मंडळानं तिला परत घेतलं. खरं म्हणजे काढलंच नव्हतं, तिनंच दोरी परत पाठवली होती. प्रोफेसरांनी ती टेबलाच्या खणात जपून ठेवली होती.

आता तिचा निबंध. सेल्मा खाणकामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांवर लिहीत होती ना, ज्या पहाटे उठून डझनभर परक्या पुरुषांचे डबे भरायच्या. टेस त्याच बायकांच्या पुढच्या पिढीवर लिहितेय. मुली कुठं गेल्या, कुणी शिकलं का, कुणी परत आलं का. इथल्या म्हाताऱ्यांना भेटत हिंडते. माझ्या दुकानातही बसते. डोक्याला रोलर लावलेल्या बायका तिला असं काही सांगतात जे मला गेल्या तीस वर्षांत सांगितलं नाही.

प्रोफेसर म्हणतात असा निबंध त्यांनी फार वर्षांत वाचला नाही. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं. तुलाही कळलं असेल.

मी आत्ताच काही मागत नाहीये.

कार्लीन


३ मार्च २०१३

रेनो,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

लायल ट्रेंबाथ गुरुवारी केस कापायला आला होता. वरच्या शिक्षणासाठी कुठल्याशा विद्यापीठात मुलाखत होती, म्हणून नीट दिसायचं होतं. दुकानात तो आणि मीच. मी मानेवरचे केस काढत होते. तो बोलत होता, कारण त्याला खुर्चीत गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "मुलाखतीला गाडीनं जाऊ नकोस, बसनं जा. हवामान खराब आहे."

तो म्हणाला, "हो, आता असल्या हवेत 'जा' म्हणणाऱ्याचं आम्ही कुणी ऐकत नाही. त्या दिवशी मिस्टर सारेलांनी म्हटलं म्हणून निघालो, नाहीतर टेस पेट्रोल पंपावरूनच परत फिरत होती."

माझा हात थांबला. त्यानं आरशात माझं तोंड पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना? मला वाटलं, एवढे दिवस झाले, तुम्हाला माहीत असणार."

मी म्हटलं, "सांग."

त्यानं सांगितलं. गावाबाहेरच्या पंपावर थांबले तेव्हा बर्फ सुरू झाला होता. टेस म्हणाली, मी नाही पुढं चालवणार, इतिहास परिषद गेली खड्ड्यात. बाकीचे हो-नाही करत होते. सेल्मा म्हणाली, "थांबा, बाबांना विचारते, त्यांना हवा कळते." तू टोलेडोला बोट बाहेर काढायच्या तयारीत होतास. तिनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तू म्हणालास, "जंगलापलीकडे गेलात की आभाळ स्वच्छ आहे. एवढ्याशा बर्फाला भ्यायलात तर कसले गं इतिहासकार तुम्ही?" सगळे हसले. टेससुद्धा. आणि मग तिनं गाडी सुरू केली.

शेरिफनं तिला विचारलं होतं, असल्या हवेत निघालातच का? ती म्हणाली, "मी ठरवलं." लायल दवाखान्यात होता तेव्हा कुबड्या घेऊन त्याच्या खाटेशी गेली आणि म्हणाली, "फोनचं कुणाला बोलायचं नाही. त्यांची एकच मुलगी होती." बाकीच्यांनीही तोंड उघडलं नाही, त्यानंही वचन पाळलं. माझ्या खुर्चीत बसेपर्यंत.

त्याचे केस एका बाजूला आखूड राहिले. तसाच गेला.

रेनो, तुला हे रोज माहीत होतं. आता मला कळतंय तू घरी का येत नाहीस. तू माझ्यावर चिडला नव्हतास, टेसवरही नव्हतास. माझ्यासमोर टेबलाशी बसून, हे पोटात ठेवून, तुला घास गिळता आला नसता.

मी तुला दोष देते का? मी स्वतःला खूपदा विचारलं. त्याच आठवड्यात कळलं असतं तर मी तुला ओरबाडलं असतं, तुझं तोंड पाहिलं नसतं. आज तसं होत नाही. आज मला फक्त दिसतं की तिला जायचंच होतं. परिषदेत निबंध वाचायला नवा ब्लाउज घेतला होता तिनं. तिला कुणाकडून तरी 'जा' असं ऐकायचं होतं, आणि 'जा' कोण म्हणेल हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं तुला फोन केला, मला नाही. मी नको म्हटलं असतं. त्या वेळी तू जसा बोललास तसाच तू तिला आवडायचास.

पण एक गोष्ट मी तुला सोडणार नाही. तुझ्या वाटणीचं ओझं त्या पोरीनं उचललं, कुणाला न सांगता, आणि तू तिला आपल्या दाराच्या आत येऊ देऊ नको म्हणालास.

निवड समितीनं यंदा टेसचं नाव सुचवलंय. तिनं अर्जच केला नव्हता, प्रोफेसरांनीच निबंध पुढं केला. ती नको म्हणतेय. मी तिला सांगितलं, तू घेतली नाहीस तर त्या नावाच्या शिष्यवृत्तीला अर्थ राहणार नाही. ती म्हणाली, "मिस्टर सारेला हो म्हणणार नाहीत." मी म्हटलं, "ते मी बघते."

मला जे कळलं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटू दे की तिनं ते राखलं.

आता तुझ्या हातात आहे. तू नाही म्हणालास तर तिला मिळणार नाही. नियमच तसा आहे.

कार्लीन


२७ मार्च २०१३

रेनो,

प्रोफेसर व्हीलॉक आज पुन्हा दाराशी टोपी घेऊन उभे होते. म्हणाले, "रेनोचा फोन आला होता." मी म्हटलं, "काय म्हणाला?" "'द्या तिला' म्हणाला. मग नुसती खरखर. मला वाटलं फोन तुटला. पण मागं इंजिनाचा आवाज येत होता, म्हणून मी धरून राहिलो."

मी त्यांना खुर्चीत बसवून उरलेले चार केस कापून दिले. फुकट.

कार्लीन


२८ एप्रिल २०१३

रेनो,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. बोट खनिज भरायला आपल्याच धक्क्याला लागणार हे बंदरावर फळ्यावर पाहिलं होतं, पण मी कुणाला बोलले नाही. वाचनालयाचं दार उघडून तू बोटीवरच्या जाड जाकिटातच आत आलास, तेव्हा मला आधी तेलाचा वास आला. मग मान वळवली. यंदाही माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. तू तिथं बसला नाहीस, भिंतीला टेकून उभा राहिलास. ठीक आहे. मी तुला बोलावलं नाही, कारण तू परत फिरशील अशी भीती वाटली.

पुढचं तुला माहीत आहे. प्रोफेसरांनी तुझ्या हातात मानपत्र दिलं आणि वाचायला सांगितलं. तू "सेल्मा" एवढं म्हणालास. मग पुढची ओळ बोटानं शोधत राहिलास. सगळं वाचनालय खाली मान घालून बसलं होतं. टेसनं तुझ्या हाताखाली हात धरला आणि पुढचं तिनंच वाचलं, आपल्याच मानपत्रावरचं आपलंच नाव. तू वाकून तिच्या कानात काहीतरी बोललास. मग बोटीचा भोंगा झाला आणि तू मागच्या दारानं गेलास. माझ्याकडे एकदा बघितलंस. मी बघितलेलं तुला दिसलं की नाही, कुणास ठाऊक. खूप वाळलायस.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

टेस बाथरूममध्ये जाऊन ओकली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते. तोंड धुऊन ती तिथंच जमिनीवर बसली, मीही बसले, नव्या झग्यासकट. म्हणाली, "त्यांनी मला विचारलं, ती शेवटी काय म्हणाली? मला सांगायला वेळच मिळाला नाही. भोंगा झाला." आणि मग रडायला लागली. "मिसेस सारेला, त्यांना वाटत असेल मी सांगायचं टाळलं."

मी म्हटलं, "मला सांग. मी लिहीन."

तर लिहिते. टेस म्हणते ते असं. सेल्मा पुढच्या सीटवर निबंध मोठ्यानं वाचून सराव करत होती. मांडीवर कागद, आणि हातात मी दिलेला वेलदोड्याचा पाव. मागून लायल तिची नक्कल करत होता. पावाला लोणी जास्त लावलं होतं. ती म्हणाली, "अय्या, पहिल्या पानावर लोणी सांडलं. आता सगळ्यांना वाटेल मी खानावळीतच राहून लिहिलाय." आणि हसली. बाकीचे हसले. तेवढ्यात गाडी घसरली.

बस. दुसरं काही नाही. ती घाबरली नव्हती. तिला कुणाची आठवण काढायलाही वेळ झाला नाही, तुझी नाही, माझी नाही. लोणी सांडलं म्हणून हसत होती.

हे ऐकून तुला बरं वाटेल की आणखी वाईट, मला सांगता येत नाही. मला दोन्ही वाटलं. मी त्या जमिनीवर बसून हसले, आणि ते हसू कधी बदललं कळलं नाही. बाहेर प्रोफेसर दार वाजवत होते, "आत सगळं ठीक आहे ना?" टेस म्हणाली, "हो, आम्ही बसलोय."

फोनचं मला कळलंय हे तिला मी सांगितलेलं नाही, हे पुन्हा लिहिते. तुला वाटलं तर तूच सांग. मला वाटतं, तू तिच्या कानाशी वाकलास तेव्हाच तिला कळलं असावं. ती काही साधी नाही.

कार्लीन


१३ एप्रिल २०१४

रेनो,

वर्षभरात तू तीन पत्रं लिहिलीस. तिन्हीत हवामान होतं. मी तिन्ही खणात ठेवलीत.

हिवाळ्यात तू आला नाहीस, मीही ये म्हणाले नाही. आपल्या दोघांत काय उरलंय, काय नाही, हे मला आता खरंच माहीत नाही. घर मोठं झालंय. संध्याकाळी मी दिवे फक्त स्वयंपाकघरात लावते. टेसचं विद्यापीठ दक्षिणेकडे, बर्फ नसलेल्या गावात आहे. रविवारी फोन करते. सुरुवातीला रोज करायची, मग आठवड्याला, आता कधीकधी राहून जातं. राहून जायलाच हवं, मी तिला तसं सांगितलंय. तिचा फोन येत नाही त्या रविवारी मी साउना तापवते, आणि एकटीच बसते.

काल समारंभ झाला. प्रोफेसर निवृत्त झालेत, त्यांच्या जागी नवीन बाई आहेत. चांगल्या आहेत, पण घाईत असतात. रिकामी खुर्ची ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तिथं कुणाचे तरी काका बसले होते, आणि ते मस्त घोरले.

गेल्या वर्षीच्या मुलांपैकी एकदोनच उरलीत. सेल्माला पाहिलेलं आता तिथं कुणी नाही. मला हे तिथं बसल्यावर सुचलं आणि मग दुसरं काही सुचेना. टाळ्या वाजल्या की मी टाळ्या वाजवत होते.

यंदाची शिष्यवृत्ती कोरिन लाहतीला, आपण दोघांनी न बघताच मान्य केलेलं नाव. गावाबाहेर लाकूड कापायची गिरणी आहे, तिथल्या एका कामगाराची मुलगी. केक घेताना माझ्याजवळ आली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. कुणाची तरी आई समजली असेल. सहज गप्पा मारत म्हणाली, "ही सेल्मा सारेला कोण होती, तुम्हाला माहीत आहे का हो? मला वाटतं कुणी म्हातारी श्रीमंत बाई असणार. मरताना पैसे कॉलेजला ठेवून गेली असेल."

मला राग यायला हवा होता. पण मला डोळ्यांसमोर दिसली बघ, आपली सेल्मा, म्हातारी आणि श्रीमंत, अंगठ्यांनी भरलेले हात, काठी टेकत चाललेली, सगळ्यांवर खेकसणारी. मला ती इतकी बघावीशी वाटली, रेनो. तेवढ्यासाठी मी काहीही दिलं असतं.

मी म्हटलं, "ती माझी मुलगी."

बिचारीनं केक खाली ठेवला. माफी मागायला लागली. मी म्हटलं, "माफी नको. बस, सांगते." आम्ही खिडकीशी बसलो. मला वाटलं दोन मिनिटं ऐकेल आणि मैत्रिणींत जाईल. ती गेली नाही. इतिहासाची पोर ती, एकातून एक विचारत राहिली. हसायची कशी? चिडली की काय करायची? इतिहासच का घेतला? मी सांगत गेले. तोंडात घास असताना बोलायची. खोटं बोलली की कान लाल व्हायचे. शाळेत शिक्षिकेला म्हणाली होती, तुम्ही सांगता त्यात बायका कुठायत? लोक निघून गेले, खुर्च्या उचलल्या, तरी आम्ही बसलो होतो.

मग तिनं विचारलं, "लहानपणी कुठं गेली होती का ती, या गावाबाहेर?"

मी म्हटलं, "एकदा. अकरा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला बोटीवर नेलं होतं. पूर्ण फेरी, पार खालच्या सरोवरापर्यंत आणि परत."

ती पुढं सरकली. "मग? तिनं काय केलं बोटीवर? कशी वाटली तिला?"

आणि मला काही सांगता येईना. ती परत आली तेव्हा उन्हानं काळी झाली होती आणि दोन दिवस झोपली, एवढंच मला आठवतं. मी तिला विचारलं होतं, ती म्हणाली होती, "ते माझं आणि बाबांचं आहे." मला त्या वेळी थोडं लागलं होतं. नंतर विसरले.

कोरिन वाट बघत होती. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. ते ज्याला माहीत आहे तो इथं नसतो."

पुढच्या शिक्षणाला जाण्याआधी तिचा वर्षभर इथंच मुक्काम आहे. येत्या हिवाळ्यात तिला पुन्हा यायचंय माझ्याकडे, बाकीचं ऐकायला. माझ्याजवळचं सगळं मी सांगून टाकलंय, रेनो. त्या फेरीचं तेवढं तुलाच सांगावं लागेल.

कार्लीन